हिशेब चौकात लावा

१११ लाख कोटी रुपये. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पायाभूत सुविधा पाइपलाइनचा हा आकडा. २०१९-२० ते २०२४-२५ या सहा वर्षांत रस्ते, रेल्वे, वीज, पाणी आणि शहरं यांवर एवढा पैसा घालायचा ठरला. त्यातले ३९ टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्यांचे आणि उरलेले खासगी क्षेत्राचे. कृती दलाचा अंतिम अहवाल २०२० मध्ये आला, मुदत मार्च २०२५ ला संपली. आता भिलाईत पॉवर हाउसच्या चौकात उभे राहा आणि विचारा: यातलं इथे काय आलं? किती दराने आलं? ठरल्या दिवशी आलं का?

उत्तर देणारा माणूस तिथे नाही. फलक नाही, खिडकी नाही. पैसा चौकात खर्च होतो आणि त्याची तपासणी लाख कोटींच्या भाषेत दिल्लीत होते. या दोहोंच्या मधल्या जागेत सगळं वाहून जातं. आजचं सदर त्या मधल्या जागेवर.

पॉवर हाउस मी मुद्दाम निवडलं. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडते, भिलाई नगर मागे पडतं आणि भिलाई पॉवर हाउस येतं. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांत रुंद रस्ते आहेत, झाडं आहेत, शांतता आहे. पॉवर हाउसला गर्दी आहे. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला जीई रोड, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३. तिथूनच नंदिनी रोड फुटतो, शेजारी जवाहर मार्केटची दाटी, पलीकडे कॅम्पातली वस्ती. पगार सेक्टरात होतो आणि खर्च होतो इथे. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांच्या तीन पिढ्यांनी दिवाळीची खरेदी या बाजारात केली आहे. हे गाव राष्ट्रीय योजनेनेच वसवलं. म्हणून योजनेचा हिशेब मागायचा पहिला हक्क याचा.

सुरुवात कशी झाली ते बघा. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला. तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरच्या सचिवालयातून चालायचा. केंद्रात अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या छापील ग्रंथात तीन पोलाद कारखान्यांपुढे तीन आकडे आहेत: राउरकेला १२८ कोटी, दुर्गापूर ११५ कोटी, भिलाई ११० कोटी. सार्वजनिक क्षेत्राचा सगळा योजनाखर्च ४,८०० कोटी. करारानंतर चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली.

खर्च पुढे वाढला. तिन्ही कारखान्यांचा वाढला. पण वाढ झाली हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, कारण मूळ आकडा पुस्तकात छापलेला होता आणि ते पुस्तक संसदेपुढे होतं. लोकसभेच्या अंदाज समितीने पन्नाशीच्या दशकातच, हे कारखाने ज्या सरकारी कंपनीकडे होते त्या हिंदुस्तान स्टीलचा कारभार तपासायला घेतला. १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रमांसाठी संसदेची वेगळी समिती झाली आणि तिने साठीच्याच दशकात भिलाईवर स्वतंत्र अहवाल दिला. एका कारखान्यावर संसदेच्या समितीचा एक पूर्ण अहवाल! कुठल्या विभागाचा खर्च का वाढला, कुठला सुटा भाग उशिरा आला, कुणी नियोजन चुकवलं, हे सगळं एका जागेच्या नावाखाली विचारलं गेलं.

त्याच काळात मुंबईत मुंदडा प्रकरणाची चौकशी झाली. आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे पॉलिसीधारकांचा पैसा एका उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत कुणाच्या सांगण्यावरून गेला, हा प्रश्न होता. न्या. छगला यांनी १९५८ च्या आरंभी ही सुनावणी उघड घेतली. आत जागा पुरेना, म्हणून बाहेरच्या लोकांना ऐकू यावं यासाठी ध्वनिक्षेपक लावले. चोवीस दिवसांत काम आटोपलं आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना खुर्ची सोडावी लागली. चौकशी आयोग चोवीस दिवसांत संपतो, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर विश्वास बसत नाही.

तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. योजनेच्या हिशेबात लोखंडाचे टन होते, सिमेंटची पोती होती. माणूस बऱ्याचदा नव्हता. पॉवर हाउसला हे सांगायची गरज नाही. १ जुलै १९९२ ला याच स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पंधराहून जास्त माणसं मेली. ती आसपासच्या खासगी कारखान्यांतली माणसं होती, छत्तीसगड मुक्ती मोर्चाची. कामावर परत घ्या, धड मजुरी द्या, एवढं त्यांचं मागणं होतं. त्याआधी नऊ महिने, सप्टेंबर १९९१ मध्ये, त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा खून झाला होता. विकासाचा खर्च कोण भरतं हे या स्टेशनला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

पण छापील आकडा होता, हे खरं. आणि तो आता नाही.

योजना आयोग गेला, १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली, तेरावी आली नाही. योजना आयोगात दोष होते, राज्यांना दिल्लीच्या दारात उभं करणारी ती व्यवस्था मलाही पटत नव्हती. पण आयोगाबरोबर मध्यावधी मूल्यमापनही गेलं. पाच वर्षांची योजना, अडीच वर्षांनी तिची झडती, आणि झडतीचा ग्रंथ कुणालाही विकत घेता येईल असा. आज तिच्या जागी काय आहे? घोषणा आहे, पोर्टल आहे, डॅशबोर्ड आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधान गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखडा आला. मंत्रालयांनी एकाच नकाशावर काम करावं, एकाने रस्ता करावा आणि दुसऱ्याने तो लगेच खणू नये, ही कल्पना शंभर टक्के चांगली आहे. मात्र तो नकाशा मुळात अधिकाऱ्यांच्या कामासाठी आहे. जीई रोडवरच्या दुकानदाराला त्यात आपल्या दुकानापुढच्या कामाची रक्कम दिसत नाही.

पैसा मात्र वाढतो आहे, आणि वाढायलाच हवा. केंद्राचा भांडवली खर्च २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १० लाख कोटी होता, पुढच्या वर्षी ११.११ लाख कोटी, त्यापुढच्या वर्षी ११.२१ लाख कोटी. पगार-पेन्शनपलीकडे जाऊन सरकार रूळ, रस्ते आणि पूल बांधतं याचा मला आनंद आहे. भिलाईला तर दुप्पट. रूळ इथे तयार होतात. १३० मीटरचा एक रूळ, असे दोन जोडून २६० मीटरचा पट्टा, आणि तो वाहून नेणारी लांबलचक गाडी. देशात कुठेही नवा लोहमार्ग पडला की भिलाईत कुणाच्या तरी पाळीला काम मिळतं. खर्चाच्या विरोधात बोलायचं मला काही कारण नाही. ज्याला खर्च हवा असतो त्यानेच पहारा मागायचा असतो. चोरीचा आणि उशिराचा पहिला फटका कामालाच बसतो.

उशीर म्हणजे काय ते भिलाईनेच पाहिलं आहे. पोलाद प्राधिकरणाच्या आधुनिकीकरणात भिलाईच्या विस्ताराला २००८ च्या सुमारास मंजुरी मिळाली, रक्कम सतरा हजार कोटींच्या वर. काम २०१२-१३ पर्यंत उरकायचं होतं. लोकार्पण झालं १४ जून २०१८ ला. मधली पाच वर्षं कुठे गेली? व्याज चालू होतं, जुन्या भट्ट्या चालू होत्या, बाजारात पोलादाचा भाव वरखाली होत होता. त्या पाच वर्षांची किंमत किती, हे भिलाईच्या एखाद्या सभागृहात कारखान्याने भिलाईकरांना उभं राहून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? सांगण्याची पद्धतच नाही.

आता महालेखापरीक्षकांकडे, म्हणजे कॅगकडे वळू. भारतमाला परियोजनेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झाला: ३४,८०० किलोमीटर, ५ लाख ३५ हजार कोटी, मुदत २०२२. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेला कॅगचा अहवाल उघडा. मंत्रिमंडळाने मान्य केलेला खर्च किलोमीटरला १५.३७ कोटी होता. प्रत्यक्ष मंजूर कामांचा सरासरी खर्च किलोमीटरला ३२.१७ कोटी निघाला. दुपटीहून जास्त. ३१ मार्च २०२३ पर्यंत तयार झालेला रस्ता १३,४९९ किलोमीटर, म्हणजे मान्य लांबीच्या ३८.७९ टक्के. मुदत उलटून गेलेली. आणि द्वारका द्रुतगती मार्ग: मंत्रिमंडळाची मान्यता किलोमीटरला १८.२० कोटींची, प्रत्यक्ष मंजूर झालेला खर्च २५०.७७ कोटींचा.

मंत्रालयाने म्हटलं, तुलना चुकीची आहे. तो मार्ग आठ पदरी, उन्नत आहे, त्याला साध्या रस्त्याचा दर लावू नका. ठीक. मग उन्नत करायचा निर्णय कुठल्या कागदावर, कुठल्या वाहनसंख्येवर झाला, तो कागद दाखवा. कॅगने हेच विचारलं होतं. मला इथे कॅगची बाजू बरोबर वाटते. महाग काम करण्यात गुन्हा नाही, पण महाग का केलं याची नोंद फाइलमध्ये नसणं हा मोठा दोष आहे. घराला माळा चढवताना सामान्य माणूसही बायकोला कारण सांगतो.

पण कॅगचा अहवाल म्हणजे आपल्याकडे वरातीमागून घोडं. रस्ता मंजूर होतो, निविदा निघते, बिलं जातात, आणि मग काही वर्षांनी अहवाल येतो. तोही वेळेवर येईल आणि पुरेसा येईल याचा भरवसा कमी होत चालला आहे. केंद्र सरकारवरचे कॅगचे अहवाल २०१५ मध्ये ५५ होते, २०२० मध्ये १४ झाले. २०२० हे महासाथीचं वर्ष होतं हे धरलं तरी उतार त्याआधीच लागला होता. खर्च चढत असताना तपासणी उतरते, याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

दुसरा पहारा सांख्यिकी मंत्रालयाचा. दीडशे कोटींच्या वरच्या केंद्रीय प्रकल्पांवर ते नजर ठेवतं आणि दर महिन्याला अहवाल काढतं. मार्च २०२४ चा घ्या. १,८७३ प्रकल्प. त्यांतल्या ४४९ प्रकल्पांचा खर्च मिळून ५ लाख कोटींहून जास्त फुगलेला, ७७९ प्रकल्प रखडलेले. कारणं दर महिन्याला त्याच शब्दांत: भूसंपादन, वन खात्याची परवानगी, निधीची जुळणी, आराखड्यातले बदल. अहवाल प्रामाणिक आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. सरकारचंच एक खातं दुसऱ्या खात्यांचा उशीर महिन्याच्या महिन्याला छापतं ही चांगली गोष्ट आहे. मात्र दीडशे कोटींच्या खालचं काम त्यात येत नाही, आणि पॉवर हाउसला रोज ज्याचा त्रास होतो त्यातलं बरंचसं दीडशे कोटींच्या खालचं आहे.

विदर्भातल्या वाचकाला हे नवं नाही. याच लोहमार्गावर नागपूर-गोंदियाच्या मध्ये भंडारा रोड लागतं. तिथून दक्षिणेला, पवनीजवळ, वैनगंगेवर गोसीखुर्द. राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळालेलं धरण. १९८३ ची मूळ मंजुरी ३७२ कोटींची. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. २०१६ मध्ये सुधारित मान्यता १८,४९४ कोटींची. २०२५ मध्ये पुन्हा सुधारणा, आकडा पंचवीस हजार कोटींच्या पुढे. अडीच लाख हेक्टर भिजवायचं वचन होतं. मधल्या काळात मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून सिंचनातल्या गैरकारभाराला वाचा फोडली, माधवराव चितळे यांची समिती बसली, तिचा अहवाल आला, गुन्हे नोंदले गेले. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला यातून काय कळलं? घोटाळा किती हजार कोटींचा, यावर नेत्यांची भांडणं कळली. आपल्या गावच्या वितरिकेचं काम कुणाकडे होतं, किती पैसे उचलले आणि पाणी कुठल्या साखळीपर्यंत पोचलं, हे मात्र कुणी गावात येऊन सांगितलं नाही.

हे सांगता येतं, याचा पुरावा मराठी माणसानेच देऊन ठेवला आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली. १९४८ मध्ये ती छापून आली. कालव्याला सरकारी तिजोरीतून किती गेले एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाण्याने शेतात काय झालं, मजुरी किती वाढली, गुळाचा आणि साखरेचा धंदा कसा उभा राहिला, गावात पैसा कुणाकडे गेला, हे त्यांनी नगर जिल्ह्यात घरोघर विचारून मांडलं. हेच गाडगीळ पुढे १९६७ मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. सार्वजनिक कामाचा हिशेब त्या कामाच्या जागी जाऊन मांडायचा असतो, ही शिकवण आपल्या घरची आहे. ती आपण गुंडाळून ठेवली.

असं कामाच्या जागी न जाण्याची किंमत किती, ते छत्तीसगडमध्ये २०२५ मध्ये दिसलं. रायपूरच्या पलीकडे अभनपूर. भारतमालेतला रायपूर-विशाखापट्टणम महामार्ग तिथून जातो. भूसंपादनात जमिनीचा मोबदला ठरवताना छोट्या भूखंडाचा दर चौरस मीटरने आणि मोठ्या शेताचा दर हेक्टरने धरला जातो. छोट्या तुकड्याचा दर कितीतरी जास्त. आरोप असा की अधिसूचना निघाल्यानंतर मोठ्या शेतांचे कागदावर तुकडे पाडले, मागच्या तारखा टाकल्या, एकाच घरातल्या अनेक नावांवर वाटणी दाखवली आणि मोबदला अनेक पटींनी उचलला. प्राथमिक चौकशीत ४३ कोटींच्या आसपासचा आकडा पुढे आला. महसूल अधिकारी निलंबित झाले, राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापे घातले, अटका झाल्या. प्रकरण न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल.

मला यातला एकच मुद्दा घ्यायचा आहे. ज्या गावात एका शेताचे दहा तुकडे झाले, त्या गावाला ते माहीत नव्हतं का? माहीत होतं. बांध कुणी हलवला नाही, पीक एकच होतं, नांगर एकच चालत होता. मोबदल्याची यादी, खसरा क्रमांक, क्षेत्र, वाटणीची तारीख आणि रक्कम यांसकट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवली असती आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचली असती, तर हे दुसऱ्या दिवशी थांबलं असतं. तहसीलदाराला जे शोधायला नोटिसा काढाव्या लागतात, ते शेजारच्या शेतकऱ्याला बांधावर उभं राहून दिसतं.

आणि उड्डाणपूल. जीई रोडवर कुम्हारी, भिलाई-३, पॉवर हाउस, सुपेला अशी पुलांची कामं निघाली. रायपूर-दुर्ग हा रस्ता देशातल्या गजबजलेल्या रस्त्यांपैकी; पुलांची गरज होती यात शंका नाही. काम चालू असताना सर्व्हिस रोडवर ट्रक, बस, सायकल, रिक्षा आणि शाळेची मुलं एकाच पट्टीत, दुकानांच्या पायऱ्यांवर धूळ. हे लोकांनी सोसलं, कारण पूल होणार होता. डिसेंबर २०२२ मध्ये कुम्हारीला एक कुटुंब रात्री दुचाकीवरून अर्धवट पुलावर चढलं. पुढे रस्ता नव्हता. नवरा-बायको खाली पडून गेले, मुलगी जखमी झाली. रस्ता बंद असल्याचा ठळक अडसर तिथे नव्हता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

काम चालू असलेल्या रस्त्यावर अडसर, दिवा, वळणाची पाटी कशी लावायची याची मार्गदर्शिका इंडियन रोड्स काँग्रेसने छापून दिलेली आहे, आणि महामार्गाच्या कंत्राटात ही जबाबदारी लिहिलेली असते. म्हणजे त्या अडसराचे पैसे आपण भरतो. तो अडसर जागेवर आहे की नाही हे बघायला कॅगचं पथक लागत नाही. रात्री नऊ वाजता तिथून जाणारा दूधवाला बघू शकतो. पण त्याने कुणाला सांगायचं? फोन नंबर कुठला? अभियंत्याचं नाव काय? हे त्या जागेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, तर कदाचित त्या रात्री कुणीतरी आधी फोन केला असता. देखरेख म्हणजे नुसते रुपये मोजणं नव्हे, हे मला कुम्हारीमुळे पक्कं कळलं आहे.

कामाच्या जागी काय असतं ते जवळ जाऊन बघा. कोनशिला असते, काळ्या ग्रॅनाइटची, सोनेरी अक्षरांची. मंत्री, खासदार, आमदार, महापौर, सगळ्यांची नावं पदांसह कोरलेली. तारीखही कोरलेली. रकमेला त्या दगडावर जागा नसते. थोड्या अंतरावर पत्र्याचा एक फलक असतो, त्यावर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कधी रक्कम. काम पूर्ण होण्याच्या तारखेची ओळ एकतर कोरी किंवा तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली. पहिल्या पावसाळ्यात रंग उडतो, दुसऱ्या पावसाळ्यात पत्राच जातो. नावं दगडात आणि हिशेब पत्र्यावर, ही आपली प्राथमिकता आहे आणि ती लाजिरवाणी आहे.

भिलाई पॉवर हाउस स्टेशनचं नाव अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत आहे. देशभरातली तेराशेहून जास्त स्टेशनं या योजनेत आहेत. फलाट, जिना, शेड, प्रतीक्षालय, येण्याजाण्याचा रस्ता. मी म्हणतो, इथून सुरुवात करा. स्टेशनच्या दाराशी, तिकीट खिडकीशेजारी, प्रत्येक कामाची मंजूर रक्कम लिहा, सुधारित रक्कम लिहा आणि सुधारणेचं कारण एका वाक्यात लिहा. आजवर दिलेली बिलं, मूळ मुदत, नवी मुदत, अभियंत्याचं नाव, फोन. हिंदीत लिहा, छत्तीसगडीत लिहिलंत तर आणखी बरं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बदला. खर्च किती येईल? पत्रा, रंग आणि एक रंगारी.

कायदा याच्या बाजूने आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ वाचा. प्रत्येक यंत्रणेला दिलेली तरतूद, योजनांचा तपशील, प्रस्तावित खर्च आणि वाटलेल्या पैशाचे अहवाल, हे सरकारी कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं आहे. ते कसं, तेही कायद्यात आहे: स्थानिक भाषेत, त्या भागात लोकांपर्यंत पोचेल अशा पद्धतीने. साधनांची नावं देताना कायद्याने सूचनाफलकाचंही नाव घेतलं आहे. म्हणजे मी मागतो तो फलक ही कुणाची मेहेरबानी नाही. वीस वर्षं न पाळलेलं कर्तव्य आहे. या कायद्यामागे महाराष्ट्राचाही वाटा आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर आपल्या राज्याने २००२ मध्येच, केंद्राच्या आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने, कलम १७ अन्वये, ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला. खड्डा खणणाऱ्या बाईची हजेरी, तिची मजुरी, तिचा अंगठा, सगळं गावापुढे वाचायचं. बरोबरच होतं ते. मग किलोमीटरला अडीचशे कोटी मंजूर झालेल्या रस्त्याचं मोजमाप-पुस्तक कुठल्या चौकात वाचलं गेलं? मजूर बाईचा हिशेब उघड्यावर आणि मोठ्या ठेकेदाराचा बंद कपाटात, हा भेद मला मान्य नाही.

जिल्ह्यात 'दिशा' समिती आहे. २०१६ पासून. खासदार अध्यक्ष, आमदार आणि महापौर सदस्य, जिल्हाधिकारी सचिव, दर तीन महिन्यांनी बैठक. केंद्राच्या योजनांवर देखरेख हेच तिचं काम. दुर्गच्या बैठकीत पॉवर हाउसबद्दल काय विचारलं गेलं, हे जवाहर मार्केटच्या व्यापाऱ्यांना माहीत नसतं. खासदारांनी एक बैठक, फक्त एक, चौकात मांडव घालून घ्यावी. लोकांना बोलू द्यावं. छगलांच्या सुनावणीला १९५८ मध्ये ध्वनिक्षेपक लावता आला, तर दुर्गच्या बैठकीला आजही लावता येईल.

तोवर आपण काय करायचं? थांबायचं नाही. महामार्गाचं काम असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या किंवा राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला लिहा, स्टेशनचं असेल तर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या रायपूर विभागाला. अर्ज लांबलचक लिहू नका. एकाच कामाचं नाव घ्या आणि मूळ मंजुरी आदेश, सुधारित मंजुरी आदेश, आजवरच्या बिलांची यादी आणि मुदतवाढीची पत्रं यांच्या प्रती मागा. मोजमाप-पुस्तक बघायला मागा. कायद्याने कागद जागेवर जाऊन तपासण्याचा आणि टिपणं घेण्याचा अधिकारही दिला आहे. भिलाईत हिंदीत लिहा. भंडाऱ्यात, नागपुरात, गोंदियात मराठीत लिहा, मराठी अर्ज नाकारता येत नाही. उत्तर आलं की त्याची मोठी प्रत काढा आणि चौकातल्या पानाच्या टपरीशेजारी लावा. फाडली तर पुन्हा लावा.

केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे अर्जाची फी १० रुपये आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी लागत नाही.